पुण्यात करून घेतलेली लॅक्टेट चाचणी: साडेचार हजार रुपयांत काय मिळाले आणि काय राहून गेले

गेल्या महिन्यात पुण्यातील एका क्रीडाविज्ञान केंद्रात मी लॅक्टेट चाचणी करून घेतली. लॅक्टेट म्हणजे लॅक्टिक आम्ल शरीरात ज्या रूपात असते ते रूप; धावण्याचा वेग वाढत जातो तसे ते रक्तात किती वाढते हे या चाचणीत मोजतात. केंद्राचे नाव येथे देत नाही. मला जे दोष आढळले ते मी तेथील लोकांना समोरासमोर सांगितले आहेत, आणि अशीच चाचणी देणारी इतरही केंद्रे असल्यामुळे कोठेही गेलात तरी काय पाहून घ्यावे हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि गेली सहा वर्षे नियमित धावते. अर्धमॅरेथॉनची माझी आजवरची सर्वांत चांगली वेळ २ तास १४ मिनिटे आहे. सपाट रस्त्यावर मला फारशी अडचण येत नाही, परंतु साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढताना लागोपाठ दोन वर्षे माझे पाय इतके भरून आले की निम्मा घाट चालत चढावा लागला. स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडला की विनॉक्सिश्वसन सुरू होते, लॅक्टिक आम्ल साठते आणि थकवा येतो, हे वाक्य मी वर्गात कितीतरी वेळा फळ्यावर लिहिले आहे. ते माझ्या स्वतःच्या पायांत नेमके कोणत्या वेगाला घडते आणि मुळात ते तसेच घडते का, हे एकदा मोजून पाहावे असे मनात होते.

चाचणीचे शुल्क साडेचार हजार रुपये होते. आदल्या दिवशी केंद्रातून आलेल्या संदेशात चोवीस तास जोराचा व्यायाम टाळा, दोन-तीन तास आधी हलके खा आणि रोजचेच बूट घालून या, एवढ्या सूचना होत्या. त्या योग्यच होत्या, पण त्यांत एक महत्त्वाची सूचना नव्हती. चाचणीच्या आधीचे दोन दिवस नेहमीसारखा भात-पोळीचा आहार घ्यायला हवा. अलीकडे वजन उतरवण्यासाठी अनेक जण धान्य जवळजवळ सोडून देतात. अशा माणसाच्या स्नायूंतील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा रोडावलेला असतो, लॅक्टेट बनवायला कच्चा मालच कमी असतो, आणि मग प्रत्येक वेगाला आकडा कमी दिसतो. अहवाल पाहून आपली क्षमता वाढली आहे असे त्याला वाटते, प्रत्यक्षात मात्र कोठार रिकामे झालेले असते.

चाचणीची पद्धत साधी आहे. ट्रेडमिलवर चार-चार मिनिटांचे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यात वेग ताशी १ किलोमीटरने वाढतो. माझी सुरुवात ताशी ६ किलोमीटरने झाली. टप्पा संपला की पट्टा अर्धा मिनिट थांबवतात, कानाच्या पाळीला एकदा टोचलेल्या जागेतून रक्ताचा बारीकसा थेंब काढतात आणि तो हातात मावणाऱ्या यंत्राच्या पट्टीला लावतात. साखर तपासण्याचे यंत्र ज्यांच्या घरी आहे त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. पट्टीवर लॅक्टेट ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) असते, ते रक्तातील लॅक्टेटवर क्रिया करते आणि त्यातून निर्माण होणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह यंत्र मोजते. रक्त एका मायक्रोलिटरपेक्षाही कमी लागते आणि पाव मिनिटात आकडा समोर येतो. टोचण्याची भीती बाळगण्याचे काही कारण नाही; कानाची पाळी बोटापेक्षा कमी दुखते.

चाचणीतील पहिला दोष याच थेंबाशी जोडलेला आहे, म्हणून तो सविस्तर सांगते. सुरुवातीला, बसलेली असताना, माझा आकडा १.२ आला. लॅक्टेट मिलिमोल प्रति लिटर या एककात मोजतात आणि विश्रांतीच्या वेळी तो साधारण ०.५ ते २ च्या दरम्यान असतो, तेव्हा हे अपेक्षितच होते. ताशी ६ ला १.३ आणि ७ ला पुन्हा १.२ आला. ताशी ८ च्या टप्प्यानंतर तेथील तरुण मुलीने पट्टी लावली, आणि यंत्रावर ६.४ हा आकडा उमटला. तिने तो शांतपणे तक्त्यात लिहिला. त्या क्षणी मी तिच्याशी पूर्ण वाक्यांत बोलत होते, श्वास लागलेला नव्हता आणि पायांत जडपणाही नव्हता. मी तिला म्हणाले, "हा आकडा माझा वाटत नाही. पाळीवर घाम होता का?" तिने पाहिले, तर केसांतून ओघळलेला घाम थेट पाळीवर आला होता. घामात लॅक्टेटचे प्रमाण रक्तापेक्षा पुष्कळ जास्त असते, त्यामुळे थेंबात घामाचा अंश मिसळला तरी आकडा कित्येक पटींनी फुगतो. तिने पाळी कोरड्या कापसाने पुसली, स्पिरिटचा बोळा फिरवून ते पूर्ण वाळू दिले, पहिला थेंब पुसून टाकला आणि दुसरा थेंब पट्टीला लावला. आकडा आला १.६.

यापुढच्या प्रत्येक टप्प्याला तिने न सांगता हीच काळजी घेतली, याबद्दल तिचे कौतुक वाटते. परंतु ही काळजी पहिल्या थेंबापासून घेणे हा केंद्राच्या नियमाचा भाग असायला हवा. मी विचारले नसते तर ६.४ हाच आकडा आलेखात गेला असता, पुढच्या टप्प्याला तो खाली आलेला पाहून संगणकाने मधूनच कशीतरी वक्ररेषा ओढली असती, आणि मला पुढचे तीन महिने चुकीच्या वेगाने सराव करायला सांगितले गेले असते. धावणाऱ्या प्रत्येकाला जीवशास्त्र येत असावे ही अपेक्षा चूक आहे. म्हणून चाचणीला जाल तेव्हा एवढे एकच पाहा की दरवेळी घाम पुसला जातो का आणि पहिला थेंब टाकून दिला जातो का.

पुढचे आकडे असे आले: ताशी ९ ला २.७, १० ला ४.८ आणि ११ ला ८.४. ११ च्या टप्प्यात मला बोलणे अशक्य झाले, मांड्या दगडासारख्या झाल्या आणि चार मिनिटे पूर्ण होताच मी हात वर केला. आलेख पाहिला तर ८ पर्यंत रेषा जवळजवळ आडवी आहे, तेथून ती हलकेच उचलते आणि १० नंतर घाटासारखी उभी चढते. वर्गात शिकवलेली गोष्ट आपल्याच रक्तातून अशी कागदावर उतरलेली पाहताना मला जो आनंद झाला, त्याची किंमत मी साडेचार हजारांत धरलेली नाही.

या रेषेचा अर्थ नीट लागण्यासाठी स्नायूच्या पेशीत काय चालते ते थोडे पाहावे लागेल. स्नायूच्या आकुंचनाला लागणारे चलन म्हणजे एटीपी. ते पेशीत इतके थोडे असते की जोराच्या धावण्यात दोन-तीन सेकंदांत संपेल. त्यानंतरचे आठ-दहा सेकंद क्रिएटिन फॉस्फेट सांभाळून घेते. १०० मीटरची शर्यत बहुतांशी या दोन साठ्यांवर आणि लगेच वेग घेणाऱ्या ग्लायकोलिसिसवर धावली जाते. ग्लायकोलिसिस म्हणजे ग्लुकोजच्या एका रेणूचे पेशीद्रव्यात पायरुवेटच्या दोन रेणूंमध्ये होणारे विघटन. त्याला ऑक्सिजन लागत नाही, आणि त्यातून निव्वळ २ एटीपी मिळतात. स्नायूतील ग्लायकोजेनपासून सुरुवात केली तर ३. तेच पायरुवेट तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, जाऊन ऑक्सिजनच्या साहाय्याने पूर्ण जळाले तर ग्लुकोजच्या एका रेणूमागे एकूण सुमारे ३० ते ३२ एटीपी हाती येतात. मग पेशी हा तोट्याचा सौदा का करते? कारण त्यात वेग आहे. तंतुकणिकेचे काम अनेक पायऱ्यांचे असते आणि हृदय-फुप्फुसांकडून ऑक्सिजन येण्यावर अवलंबून असते. ग्लायकोलिसिसची गती क्षणात अनेक पटींनी वाढू शकते.

त्या गतीला एकच अट असते. ग्लायकोलिसिसमध्ये एनएडी नावाचा एक वाहक रेणू लागतो. तो हायड्रोजन उचलतो आणि भरतो. मार्केट यार्डात भाजीचे क्रेट असतात तसे त्याचे आहे: रिकामे क्रेट परत आले नाहीत तर शेतात कितीही माल तयार असला तरी पुढची गाडी भरता येत नाही. पेशीत हे क्रेट थोडेच असतात. तंतुकणिका ते रिकामे करून देते, पण मागणी तिच्या वेगापलीकडे गेली की लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे विकर पुढे येते, क्रेटमधला हायड्रोजन पायरुवेटवर उतरवते आणि मोकळा एनएडी परत पाठवते. हायड्रोजन घेतलेले पायरुवेट म्हणजेच लॅक्टेट. म्हणजे लॅक्टेट तयार होते म्हणून तर विनॉक्सी मार्ग चालू राहतो. ते तयार झाले नाही तर काही सेकंदांत तो ठप्प होईल. घरी विरजण लावतो तेव्हा दुधातले जिवाणू साखरेवर शेवटी हीच क्रिया करतात, आणि लॅक्टिक आम्ल प्रथम वेगळे केले गेले तेही आंबलेल्या दुधातूनच, रसायनशास्त्रज्ञ कार्ल शील यांच्या हातून १७८० मध्ये. स्नायूंत ते असते हे बर्झेलियस यांनी १८०८ च्या सुमारास दाखवले.

आता चाचणीच्या अहवालाकडे येते, कारण माझी खरी तक्रार तेथे आहे. अहवाल आठ पानांचा, रंगीत आणि देखणा आहे. आलेख स्वच्छ आहेत, प्रत्येक टप्प्याचे हृदयाचे ठोके दिले आहेत आणि सरावाच्या तीव्रतेचे पाच पट्टे आखून दिले आहेत. पण दुसऱ्याच पानावर लॅक्टिक आम्लाचे वर्णन स्नायूंना जाळणारा विषारी कचरा असे केले आहे. क्रीडाविज्ञानाच्या नावाने पैसे घेणाऱ्या केंद्राने २०२० नंतरच्या दशकात असे छापावे याचे मला मनापासून वाईट वाटले.

ही समजूत कोठून आली हे मी समजू शकते. १९०७ मध्ये केंब्रिज येथे फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करून दाखवले की ऑक्सिजनविना थकेपर्यंत आकुंचन करवले की लॅक्टिक आम्ल साठते आणि ऑक्सिजन दिला की ते कमी होते. पुढे ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहॉफ यांनी या विषयावर इतके पायाभूत काम केले की त्यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ऑक्सिजन नाही, म्हणून लॅक्टेट, आणि लॅक्टेट म्हणून थकवा, अशी साखळी तेथून पाठ्यपुस्तकांत गेली आणि माझ्या फळ्यावरही आली. परंतु शरीराबाहेर काढलेल्या, रक्तपुरवठा नसलेल्या बेडकाच्या स्नायूत जे दिसते ते धावणाऱ्या माणसात तसेच्या तसे घडत नाही. १९८० च्या दशकात बर्कली येथील जॉर्ज ब्रुक्स यांनी लॅक्टेटच्या ने-आणीचा विचार मांडला आणि चित्र बदलत गेले. ऑक्सिजन पुरेसा असतानाही स्नायू लॅक्टेट बनवत असतात. स्नायूतील झटपट आकुंचन पावणाऱ्या जलद तंतूंत तयार झालेले लॅक्टेट शेजारचे, दीर्घकाळ काम करणारे मंद तंतू इंधन म्हणून जाळतात, हृदयाचा स्नायू ते आवडीने वापरतो, आणि यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज घडवते. या शेवटच्या फेऱ्याला कोरी चक्र म्हणतात, आणि ते उलगडणाऱ्या कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याला १९४७ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. जे हृदयाचे इंधन आहे त्याला कचरा म्हणणे योग्य नाही.

थकव्याचा दोषही एकट्या लॅक्टेटवर टाकता येत नाही. जोराच्या कामात पेशीत हायड्रोजनचे आयन वाढतात, फॉस्फेट साठते, स्नायूच्या आत कॅल्शियम सुटण्याची क्रिया मंदावते. या साऱ्यांचा परिणाम एकत्र होतो. याचा सर्वांत बोलका पुरावा मॅकआर्डल विकारात मिळतो. १९५१ मध्ये ब्रायन मॅकआर्डल यांनी वर्णन केलेल्या या विकारात स्नायूंना ग्लायकोजेन फोडता येत नाही. अशा रुग्णाने जोर लावला तरी त्याच्या रक्तातले लॅक्टेट वाढत नाही, आणि तरीही तो इतरांपेक्षा फार लवकर थकतो, त्याच्या स्नायूंत वेदनादायक पेटके येतात. लॅक्टेट हे विष असते तर हे रुग्ण सर्वांत काटक ठरले असते.

चाचणीनंतर केंद्राने मला मालिश सुचवली. "मॅडम, बाराशे रुपयांत सगळं लॅक्टिक ॲसिड निघून जाईल, नाहीतर उद्या-परवा जिने उतरता येणार नाहीत," असे तेथील गृहस्थ म्हणाले. मी मालिश घेतली नाही. त्याऐवजी, चाचणीतच समाविष्ट असलेली नंतरची मोजणी पूर्ण करून घेतली, आणि माझ्या मते या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. धावणे थांबवल्यावर तीन मिनिटांनी आकडा ८.९ होता, म्हणजे शेवटच्या टप्प्यापेक्षाही थोडा जास्त, कारण स्नायूंतले लॅक्टेट रक्तात येण्यास थोडा वेळ लागतो. मी ट्रेडमिलवर सावकाश चालत राहिले. पंधराव्या मिनिटाला ५.८ आणि तिसाव्या मिनिटाला ३.६. कोणी काही पिळून काढले नाही. चालणाऱ्या स्नायूंनी, हृदयाने आणि यकृताने ते वापरून टाकले. तासा-दीड तासात ते मूळ पातळीला येते. राजगड उतरून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात त्याचे कारण उतरताना ताणल्या जाणाऱ्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजा हे आहे, आणि तोवर त्या दिवशीचे लॅक्टेट केव्हाच खर्ची पडलेले असते. मालिशने बरे वाटत असेल तर जरूर घ्यावी, पण ती या कारणासाठी विकू नये.

उंबरठा म्हणजे ज्या वेगापलीकडे लॅक्टेट स्थिर न राहता साठत जाते तो वेग. अहवालात माझा उंबरठा ताशी ९.६ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटे १५ सेकंद असा दिला आहे. लॅक्टेट ४ मिलिमोल होते तो वेग त्यांनी थेट उंबरठा मानला आहे. ४ ही रेषा १९७० च्या दशकात जर्मनीतील संशोधनातून रूढ झाली आणि सोयीची असल्यामुळे टिकली. ती सरासरी आहे. कोणी ३ ला स्थिर राहत असतो आणि कोणी ५ च्या पुढेही तग धरतो. शिवाय कानातल्या थेंबातला आकडा म्हणजे स्नायूंनी किती बनवले त्यातून शरीराने किती वापरले ते वजा जाता उरलेली शिल्लक असते. बँकेच्या शिलकीवरून उलाढाल किती झाली ते कळत नाही, तसेच हे आहे. म्हणून मी एका आकड्यापेक्षा रेषेच्या आकाराकडे अधिक लक्ष दिले, आणि ती प्रथम कोठे उचलली जाते, म्हणजे ताशी ८ च्या आसपास, हे माझ्यासाठी खरे उपयोगाचे ठरले. माझे रोजचे धावणे मी ताशी ९ च्या पुढे करत होते. म्हणजे जे सावकाश धावणे आहे असे मी सहा वर्षे समजत होते, ते मुळी सावकाश नव्हतेच. मंद तंतूंना आणि तंतुकणिकांना वाढीसाठी लागणारे संथ, लांब धावणे मी जवळजवळ केलेच नव्हते, आणि घाटात नेमकी तीच उणीव उघडी पडत होती.

केंद्रातील प्रशिक्षकांशी अर्धा तास चर्चा शुल्कातच मिळते आणि ती उत्तम झाली. त्यांना कचरा हा शब्द दाखवला तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. अहवालाचा नमुना संगणकप्रणालीसोबत तयार आला होता आणि तो कोणी वाचून पाहिला नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आणि तो बदलण्याचे आश्वासन दिले.

ही चाचणी कोणी करावी? ज्यांनी नुकतेच धावणे सुरू केले आहे त्यांना तिची गरज नाही. बोलता येईल अशा वेगाने धावा हा सल्ला विनामूल्य आहे आणि पहिली दोन वर्षे पुरतो. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांची परवानगी घ्यावी, कारण शेवटचे टप्पे खरोखरच थकवणारे असतात. ज्यांचा सराव नियमित आहे पण वेळ दोन-तीन वर्षे एकाच जागी अडकली आहे, त्यांना साडेचार हजार रुपये वाया गेले असे वाटणार नाही, मात्र सहा-आठ महिन्यांनी त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर, त्याच टप्प्यांनी चाचणी पुन्हा करण्याची तयारी हवी. एकाच चाचणीचा आलेख एका दिवसाचे चित्र देतो. दोन आलेख शेजारी ठेवले की रेषा उजवीकडे सरकली का, म्हणजे तेवढेच लॅक्टेट आता अधिक वेगाला येते का, ते दिसते.

मी सध्या आठवड्यातले चार दिवस किलोमीटरला साडेसात-आठ मिनिटांच्या गतीने धावते. सुरुवातीला सोबतचे लोक पुढे निघून जात तेव्हा जिवावर येत असे. वर्गातला फळाही मी बदलला आहे: विनॉक्सिश्वसनाच्या धड्याला आता माझा आलेख लावते, घाम मिसळलेला तो ६.४ चा आकडाही त्यावर तसाच ठेवला आहे, आणि ८ नंतर ९ ला आकडा खाली का आला असेल असे मुलांना विचारते. दुसरी चाचणी पावसाळ्यानंतर ठरवली आहे.